शरद पवार आणि १९९४: मुलींना वाटा देणारा कायदा आणि १६ वर्षं रखडलेला नामविस्तार

शरद पवारांचं नाव निघालं की गप्पा वळतात त्या फोडाफोडी, बेरजेचं राजकारण आणि 'साहेबांच्या मनात नेमकं काय आहे' याकडे. पण महाराष्ट्राच्या सात-बाऱ्यावर आणि एका विद्यापीठाच्या नावावर त्यांच्या ज्या निर्णयांची खूण राहिली, ते दोन्ही निर्णय एकाच वर्षातले आहेत. ते वर्ष १९९४.

पवारांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. गाव काटेवाडी, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी पोहोचलं तिथे ऊस आणि पलीकडे कोरडवाहू माळरान, असा हा पट्टा. वडील गोविंदराव सहकार चळवळीत होते. आई शारदाबाई स्वातंत्र्याआधीच पुण्याच्या लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. अवघ्या तीन दिवसांच्या शरदला सोबत घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या होत्या, ही आठवण पवार स्वतः सांगत आलेत. १९६७ मध्ये ते बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले.

पहिला प्रयत्न फसला

१८ जुलै १९७८. वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पवार 'पुलोद'चे मुख्यमंत्री झाले. वय ३७. नवव्याच दिवशी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. त्यानंतर मराठवाडा पेटला. दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. सरकारने अंमलबजावणी थांबवली आणि १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकारच बरखास्त झालं.

नामांतरासाठी मोर्चे निघत राहिले, लाँग मार्च झाला. १९८८ ते १९९१ या काळात पवार पुन्हा मुख्यमंत्री होते, तेव्हाही प्रश्न सुटला नाही. त्यांच्यावरची ही टीका रास्तच आहे.

अखेर १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळालं. 'मराठवाडा' शब्द काढला नाही, म्हणून याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात. शिवसेनेचा याला उघड विरोध होता. पुढच्याच वर्षी काँग्रेसची सत्ता गेली आणि युतीचं सरकार आलं. मात्र त्या पराभवाचं खापर एकट्या नामविस्तारावर फोडता येत नाही. बंडखोरी होती, सरकारवर आरोप होते आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारींचा जीव गेला होता.

२२ जून १९९४

संरक्षणमंत्रिपद सोडून पवार मार्च १९९३ मध्ये राज्यात परतले होते. सैन्यदलांत वैद्यकीय सेवेपलीकडे महिला अधिकाऱ्यांची भरती सुरू झाली, ती त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळात. आता राज्याचं महिला धोरण आलं. असं धोरण आणणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षणाची वाट याच काळात खुली झाली.

पण घराघरात शिरणारा बदल होता तो हिंदू वारसा कायद्यातला. २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूने हे आधी केलं होतं, त्यामुळे महाराष्ट्र इथे पहिला नव्हता. केंद्राचा कायदा मात्र २००५ मध्ये आला, म्हणजे तब्बल ११ वर्षांनी.

महाराष्ट्राच्या कायद्यात एक मोठी मेख होती. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नव्हता. दोन सख्ख्या बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यात झालेलं आणि दुसरीचं बाकी, तर धाकटी वाटेकरी आणि थोरली बाहेर! ही अट २००५ च्या दुरुस्तीने गेली. त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

पुढे पवार १९९९ मध्ये काँग्रेसबाहेर पडले, राष्ट्रवादी काढली, दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री राहिले. २०२३ मध्ये पक्ष फुटला. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत, म्हणजे इंदापूरसह सगळ्या मतदारसंघात, लेक सुप्रिया सुळे आणि सून सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या. सुळे जिंकल्या. विरोधक याला घराणेशाही म्हणतात आणि ते नाकारणं अवघड आहे.

हक्कसोड म्हणजे काय?

कायदा झाला तरी बहिणीचा वाटा तिच्याकडे राहतोच असं नाही. वडील गेले की वारस नोंदीत मुलींची नावं लागतात आणि मग तलाठ्याकडून दुय्यम निबंधक कार्यालयाकडे वाट निघते. तिथे बहिणी 'हक्कसोडपत्र' करून आपला हिस्सा भावांच्या नावे सोडतात, बहुतेकदा काही मोबदला न घेता. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती त्यामागे असते. कालव्याखालच्या उसाच्या रानात एकरी भाव चढे असतात, त्यामुळे तिथे हा दबावही मोठा.

हक्कसोड करायला कायद्याने कुणी भाग पाडू शकत नाही. पण एकदा नोंदणी झाली की नुसतं मन बदललं म्हणून ती मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल, तर दिवाणी न्यायालयात जाऊन ते सिद्ध करावं लागतं.