दाबलेली हवा, विरळ हवा : अल-बैरूनींचा प्रश्न आणि आपली रिक्षा

वसई-विरारमध्ये रिक्षा सीएनजी भरायला पंपावर लागली की प्रवाशांना खाली उतरायला सांगतात. घाईत आपण कुरकुरतो. पण त्या सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट दाबाने गॅस ठासलेला असतो. तेवढी दोन मिनिटं आपल्याच सुरक्षेसाठी आहेत.

तेवढाच पदार्थ कमी जागेत कोंबला की ते संपीडन, जास्त जागेत पसरला की विरलन. हिजामाच्या कपातली हवा ओढून घेतली की आतली हवा विरळ होते, आणि बाहेरच्या दाबामुळे कातडी वर उचलली जाते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बैरूनी (जन्म ९७३) यांनी इब्न सीना यांना पत्रातून विचारलं होतं : पोकळी अशक्य असेल, तर हवा ओढून घेतलेली बाटली पाण्यात उपडी केल्यावर पाणी वर का चढतं? इब्न सीनांचं उत्तर असं, की ओढल्यामुळे आतली हवा ताणून पसरते, मग थंड पाण्याने आकसते. रिकामी जागा राहू शकत नाही म्हणून पाणी आत येतं. हवा विरळ होते, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पाण्याला वर ढकलतो तो मात्र बाहेरच्या हवेचा दाब, हे सतराव्या शतकात टॉरिचेलींच्या प्रयोगाने समजलं. १६६२ मध्ये बॉइल यांनी नियम मांडला : तापमान तेच असेल, तर दाब दुप्पट केल्यावर हवेचं आकारमान निम्मं होतं.

बैरूनींनी आणखी विचारलं : थंडीने वस्तू आकसतात, मग पाणी गोठल्यावर भांडं का फुटतं? कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून फ्रीजरमध्ये काचेची बाटली काठोकाठ भरून ठेवू नये.

पाणी दाबाने जेमतेमच आकसतं. सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट म्हणूनच पाण्याने करतात : सिलिंडर फुटलाच, तर पाणी गॅससारखं उसळून पसरत नाही. घरात रिक्षा किंवा सीएनजी गाडी असेल, तर टेस्टची तारीख आजच बघून घ्या, असं आम्ही सुचवतो.