पस्तीस मते

राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या राष्ट्रसंघाचा घात त्याच्या शत्रूंनी केला, असे आपण सहज बोलून जातो. अमेरिकन सेनेटमधील १९ मार्च १९२० ची मतमोजणी वाचली की मला मात्र निराळेच दिसू लागते.

विल्सनचे विरोधक एका मताचे नव्हतेच. बोरासारख्या कडव्यांना राष्ट्रसंघ कोणत्याच रूपात नको होता. हेन्री कॅबट लॉजच्या मागे उभे राहिलेल्या कित्येकांना तो चालत होता, पण १४ अटी घालून. परक्या देशांच्या सीमा राखण्याचे बंधन काँग्रेसच्या संमतीवाचून पत्करायचे नाही, ही त्यांतली मुख्य अट. या दोन गटांत फूट पाडणे हे मुत्सद्द्याचे काम होते. विल्सनच्या हट्टाने ते उलट एकत्र आले. २ ऑक्टोबर १९१९ रोजी अर्धांगवायूने तो अंथरुणाला खिळला. तरी ‘या अटी मान्य करू नका’ हाच त्याचा स्वपक्षीयांना निरोप. नोव्हेंबरात तह एकदा फेटाळला गेला, तरी त्याने हट्ट सोडला नाही.

मार्चमध्ये अटींसह तहाच्या बाजूने ४९ मते पडली, विरुद्ध ३५. दोन तृतीयांशाला ७ कमी पडली. त्या ३५ मध्ये कडवे विरोधक अवघे १२. उरलेले २३ विल्सनच्याच पक्षाचे! धन्याच्या शब्दाखातर ते बोराच्या पंगतीला जाऊन बसले.

अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर राहिली ती कायमचीच. ज्या कल्पनेपायी विल्सनने देह झिजवला, तिला मूठमाती देणाऱ्यांत त्याचे निष्ठावंतच अधिक होते.