पावसातल्या पक्ष्याचा पुरावा

दिवाळीच्या सुमारास कुवेतमध्ये दोन पाहुणे येतात, पाऊस आणि पक्षी. ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या या ऋतूला अरबीत ‘वस्म’ म्हणतात. वस्मचा पाऊस वेळेवर पडला तर वाळवंटात ‘फगा’ उगवते, हे इथे जुने असलेल्यांना ठाऊक आहेच. तिकडे महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. याच दिवसांत आपल्यापैकी कितीतरी जण कॅमेरा घेऊन जहराच्या पाणथळीकडे किंवा किनाऱ्याकडे निघतात. संध्याकाळी तो फोटो संगणकावर उजळून, सजवून घरच्यांना पाठवतात.

इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे कोणताही फोटो समोर आला की तो सुंदर आहे का, याच्या आधी मी विचारतो: हा पुरावा म्हणून उभा राहील का? कुवेतच्या पावसात टिपलेल्या पक्ष्याच्या फोटोला हा प्रश्न विचारायलाच हवा. का, ते सांगतो.

कॅमेरा येण्यापूर्वी पक्ष्याचा पुरावा म्हणजे मेलेला पक्षी. बंदुकीने पाडायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दार गाठले. तिथे मिलार्ड साहेबांनी त्याला असे भरलेले पक्षी खणामागून खण उघडून दाखवले. ही चिमणीही प्रवासी आहे. तिचे काही थवे इराक-इराणच्या बाजूला पिले वाढवतात आणि थंडीत भारताकडे उतरतात. आपल्यासारखीच तिची दोन घरे.

बंदुकीची जागा कॅमेरा घेऊ शकतो, हे इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी दाखवले. १८९२ मध्ये चेरीने पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ मध्ये सगळी चित्रे छायाचित्रांची असलेले त्यांचे घरट्यांवरील पुस्तक निघाले. पण त्या काळच्या काचा मंद होत्या, त्यांना भरपूर ऊन लागे. ढगाळ हवेत उडता पक्षी त्यावर उमटणे अवघडच. म्हणून पावसाळ्यातले पक्षी अनेक वर्षे नोंदवहीतच राहिले. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला ऐन पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच घर पुरे होते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. रोज पाहणे आणि रोज लिहिणे, एवढ्या भांडवलावर हे उलगडले.

नोंद खरी असली की एवढे साधते. ती खोटी असली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच खानदेशात आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड एकोणिसाव्या शतकात मोजक्या वेळा मिळाले. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर त्याचा भरवशाचा पत्ता नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलने दावा केला की, १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपल्याला हा पक्षी मिळाला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढच्या अभ्यासकांनी तिथे शोध घेतला. मिळाले काहीच नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी आतली भरण्याची पद्धत पाहिली. तेव्हा कळले की हा डेव्हिडसन यांचाच नमुना. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला. मग मांडवी यादीतून वगळून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या जागी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत दिसला. त्याचे चित्रण आणि फोटो झाले. एकही गोळी झाडावी लागली नाही. ११३ वर्षांनी सापडलेल्या या पक्ष्याला हरवून ठेवण्यात एका खोट्या चिठ्ठीचा मोठा हात होता.

आता कुवेतकडे वळू. इथे वर्षाला सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तेवढा एका दिवसात पडून जातो. पण या देशाची जागा मोक्याची आहे. युरोप-आशियातून आफ्रिकेकडे आणि भारताकडे जाणारे पक्षी इथून जातात आणि आजवर चारशेहून अधिक जातींची इथे नोंद आहे. रात्री उडणारे छोटे पक्षी पावसात आणि समोरच्या वाऱ्यात सापडले की मिळेल तिथे उतरतात. बागेत, इमारतीच्या आवारात, रस्त्यालगतच्या झुडपात. म्हणून पावसाच्या सकाळी तुमच्या खिडकीखाली काल नसलेला पक्षी दिसू शकतो. पाऊस थांबला की तो निघून जातो. तो इथे आला होता याचा पुरावा कित्येकदा तुमच्या एका फोटोपुरताच असतो.

या भूमीने काळा पाऊसही पाहिला आहे. १९९१ मध्ये सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या, काजळी मिसळलेला पाऊस पडला आणि वाळवंटात तेलाची तळी साचली. पाणी समजून त्यात उतरलेले पक्षी पुन्हा उडाले नाहीत. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीच्याच दिवसांत. तेलाने माखलेल्या पक्ष्यांचे फोटो जगाने पाहिले. ते पंख कुणी ‘स्वच्छ’ करून छापले असते तर? फोटो देखणा झाला असता आणि साक्ष पुसली गेली असती.

पावसातल्या साध्या फोटोलाही हेच लागू पडते. ओले पीस कोरड्यापेक्षा गडद दिसते. रणगोजा किंवा चंडोल यांसारखे वाळूच्या रंगाचे पक्षी एकमेकांपासून ओळखायचे ते रंगाच्या बारीक छटांवरून. त्यात पावसाळी उजेड निळसर. तुम्ही फोटो उबदार केला, सावल्या उजळल्या, रंग वाढवला की एका जातीचा पक्षी दुसऱ्याच जातीचा दिसू लागतो. आता तर बटण दाबले की यंत्र अस्पष्ट जागी स्वतःच्या कल्पनेने पिसे भरते. ती पिसे त्या पक्ष्याची नसतात.

मग फोटो सुधारायचाच नाही का? जरूर सुधारा. माझी कसोटी साधी आहे: कॅमेऱ्याने किंवा हवेने घातलेला दोष काढा, पक्ष्याचे जे आहे ते ठेवा. चौकट कापणे, कमी उजेडाचे दाणे सौम्य करणे, धूसरपणा थोडा हटवणे, पांढरा रंग पांढरा दिसेल इतपत उजेडाची छटा सुधारणे, हे सगळे चालेल. तुटलेले पीस जोडणे, पायातले कडे पुसणे, मागे दुसरे आकाश लावणे चालणार नाही. थेंब गोठलेले हवे असतील तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग ठेवा. सरी रेघांसारख्या हव्या असतील तर सव्वाशेव्या भागाच्या आसपास. हा निर्णय कॅमेऱ्यातच घ्या, नंतर खोटा पाऊस टाकू नका. शक्य तर रॉ फाइल काढा आणि मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत सुधारा.

दोन सूचना जिवासाठी. गाडी हाच उत्तम आडोसा, इंजिन बंद करून खिडकीतून फोटो काढा. पण पावसात वाळवंटातल्या सखल वाटांवर जाऊ नका. नोव्हेंबर २०१८ चा पूर अजून आठवणीत असेल. आणि लष्करी ठाणी व तेलक्षेत्रांच्या जवळ कॅमेरा बाहेर काढू नका.

इथेच जन्मलेल्या मुलामुलींना एक काम सांगतो. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की फायलीत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख-वेळ सहसा गळून जाते. म्हणून मूळ फायली वेगळ्या जपा. प्रत्येकीला जागा, तारीख, पावसाची स्थिती आणि काय सुधारले ते लिहून ठेवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण खरे लिहा. घरात आजी-आजोबांचे जुने अल्बम असतील तर तेही उघडा. समुद्रकिनाऱ्यावरच्या कौटुंबिक फोटोत मागे रोहित पक्ष्यांची रांग दिसली, तर जागा आणि साल त्यांना आजच विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.