तळटीप १७ : ‘पलीकडचा दिग्दर्शक’

१७. नाचणगाव-पुलगावकरांच्या बोलण्यातला ‘पलीकडचा दिग्दर्शक’ म्हणजे राजदत्त. ‘पलीकडचा’ म्हणजे वर्धा नदीच्या पल्याडचा. पुलगावहून रेल्वेने पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो आणि पुढे धामणगाव. तिथे १९३२ साली दत्तात्रय अंबादास मायाळू यांचा जन्म झाला. राजा परांजपे यांच्या हाताखाली ते दिग्दर्शन शिकले. गुरूच्या नावातला ‘राजा’ आपल्या ‘दत्ता’ला जोडून राजदत्त झाले. पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७). काशिनाथ घाणेकर आणि उमा यांचा हा खेळकर सिनेमा पाहताना हाच माणूस पुढे हुंड्याच्या जाचावर ‘पुढचं पाऊल’ काढील, अशी शंकाही येत नाही. ‘शापित’ (१९८२, अरविंद देशपांडे यांच्यासह), ‘पुढचं पाऊल’ आणि ‘सर्जा’ (१९८७) या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका दशकात तीनदा! तरी दिग्दर्शकांची नावे घेताना आपल्याकडे त्यांचे नाव जरा उशिराच आठवते. पद्मभूषणही २०२४ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी जाहीर झाले. लेखकाने त्यांना ‘वर्धेचे’ म्हटले आहे; मूळ मजकूर तसाच ठेवला आहे.
— संपादक