‘फिडेलिटी’ : शपथेतल्या एका शब्दाची कहाणी

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत आता कोणी ना कोणी आयरिश नागरिक झाले आहे, आणि काहींचे अर्ज अजून वाटेत आहेत. समारंभाच्या दिवशी सर्वांनी मिळून एक प्रतिज्ञा म्हणायची असते. आयरिश राष्ट्राप्रती ‘फिडेलिटी’ आणि राज्याप्रती ‘लॉयल्टी’, असे दोन शब्द तिच्यात पाठोपाठ येतात. दुसरा शब्द आपल्याला दुकानांच्या कार्डांवरही भेटतो. पहिला मात्र रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. तो आपल्याला ठाऊक असलाच तर ‘हाय-फाय’ रेकॉर्ड प्लेअरमुळे : मूळ आवाजाशी इमान राखणारे यंत्र. बँकेत नोकरी केलेल्यांना ‘फिडेलिटी गॅरंटी’ विमाही आठवेल. रोकड सांभाळणाऱ्याने अफरातफर केली तर भरपाई देणारा तो विमा. दोन्हीकडे भाव एकच, ठेवलेल्या विश्वासाला जागणे.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘फिदेस’, म्हणजे विश्वास. ‘फेथ’ आणि ‘फेथफुल’ ही त्याचीच भावंडे. ‘लॉयल्टी’चे कूळ वेगळे आहे. ती फ्रेंचमार्गे लॅटिन ‘लेगालिस’वरून आली, म्हणजे कायद्याच्या घरची. हे मनात ठेवून प्रतिज्ञा वाचली तर राष्ट्राशी विश्वासाचे नाते आणि राज्याशी कायद्याचे नाते, असा तिचा अर्थ उलगडतो.

या देशात अशा शब्दांवरून रक्त सांडले आहे. ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये अँग्लो-आयरिश तह झाला. त्याच्या चौथ्या कलमात आयरिश प्रतिनिधींनी घ्यायची शपथ होती. तिच्या पहिल्या भागात आयरिश फ्री स्टेटच्या घटनेशी निष्ठा होती, पण दुसऱ्या भागात राजे पाचवे जॉर्ज आणि त्यांचे वारस यांच्याशी ‘फेथफुल’ राहण्याचे वचन होते. प्रजासत्ताकासाठी लढलेल्यांना हा दुसरा भाग गिळवेना. ७ जानेवारी १९२२ रोजी डॉलमध्ये तह ६४ विरुद्ध ५७ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला. जूनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि मे १९२३ पर्यंत चालले. कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडत होते. भांडणाला इतरही कारणे होती, पण शपथ हे मोठे कारण होते.

तहाच्या विरोधकांचे पुढारी डी व्हॅलेरा यांनी १९२७ साली ‘ही निव्वळ पोकळ औपचारिकता आहे’ असे म्हणत वहीत सही केली आणि डॉलमध्ये प्रवेश केला. १९३२ साली ते सत्तेवर आले आणि १९३३ साली कायदा करून त्यांनी ती शपथच काढून टाकली. पुढे १९३७ च्या घटनेत, नागरिकत्वाच्या नवव्या कलमात, राष्ट्राशी ‘फिडेलिटी’ आणि राज्याशी ‘लॉयल्टी’ ही प्रत्येक नागरिकाची मूलभूत राजकीय कर्तव्ये ठरली. राजाला द्यायला नाकारलेले इमान राष्ट्राच्या पदरात पडले. १९५६ च्या नागरिकत्व कायद्याने ते आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या प्रतिज्ञेत आणले. पूर्वी ती डिस्ट्रिक्ट कोर्टात घेत. जून २०११ पासून तिचे समारंभ होऊ लागले.

आपला भारतही यापासून दूर नाही. भारतीय घटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयरिश घटनेवरून घेतली, हे शाळेत शिकलो आहोत. पण आपले मंत्री जी शपथ घेतात, तिच्यातील ‘विधिद्वारे स्थापित’ संविधानाबद्दलची ‘खरी श्रद्धा व निष्ठा’ हे शब्द १९२१ च्या त्या शपथेच्या पहिल्या भागाशी इंग्रजीत जवळजवळ जुळतात. फरक इतकाच की तिच्यात राजा नाही.

आता मनाला टोचणारा प्रश्न. ही प्रतिज्ञा घेतली म्हणजे भारताशी बेइमानी झाली का? अनेक घरांत हा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी गप्प होतात. म्हणून नीट पाहू. अमेरिकेतील आपल्या नातेवाइकांना नागरिक होताना परक्या सत्तेशी असलेली सारी निष्ठा आणि ‘फिडेलिटी’ सोडल्याचे शपथेवर सांगावे लागते. तिथे हाच शब्द त्यागाच्या वाक्यात येतो. आयरिश प्रतिज्ञेत कशाचाही त्याग करायला सांगितलेले नाही. राष्ट्राशी इमान, राज्याशी निष्ठा, कायद्याचे पालन आणि लोकशाही मूल्यांचा आदर, एवढेच ती मागते. भारतीय नागरिकत्व जाते ते भारताच्या १९५५ च्या कायद्याने, योगायोगाने त्याच्याही नवव्या कलमाने. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळाले तरी भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे नुकसान खरे आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. पण ते हक्कांचे नुकसान आहे, इमानाचे नव्हे.

मराठीत ‘फिडेलिटी’ला ‘निष्ठा’ म्हणता येईल, पण मला ‘इमान’ अधिक जवळचा वाटतो. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत. त्यात दिलेल्या शब्दाला जागणे महत्त्वाचे होते. खाल्ल्या मिठाला जागावे, हेही आपण ऐकत आलो. इथल्या मिठाला जागणाऱ्याने लहानपणीचे मीठ विसरावे, असे कोणत्याही म्हणीत नाही.

तेव्हा ज्यांचा समारंभ जवळ आला आहे त्यांनी ती प्रतिज्ञा आधी घरी मराठीतून वाचावी, आजी-आजोबांना आणि मुलांनाही ऐकवावी. ज्या शब्दांसाठी या देशातील माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहिली, ते शब्द निदान अर्थ कळून उच्चारावेत.