कोड सगळ्यांचा, नाव कंपनीचं

लिब्रेऑफिस तुम्ही वापरलं असेल. आधी ते ओपनऑफिस होतं. सन कंपनीने २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. २०१० मध्ये ओरॅकलने सनच विकत घेतली. धास्तावलेल्या कार्यकर्त्यांनी त्याच सप्टेंबरात ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर केलं आणि ओरॅकलकडे जुनं नाव मागितलं. मिळालं नाही. उलट, प्रकल्पाच्या कौन्सिलमधल्या फाउंडेशनवाल्यांनी राजीनामे द्यावेत, असं ओरॅकलच्या माणसांनी सुचवलं. कारण? हितसंबंधांचा संघर्ष! (ओरॅकलला जणू हितसंबंध नव्हतेच.) परवान्यामुळे कोड नेता आला, ट्रेडमार्क नाही. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं, पण तोवर बरेच डेव्हलपर निघून गेले होते. नव्या संस्थेने मात्र संचालक मंडळात एकाच कंपनीची माणसं किती असावीत, याची मर्यादाच नियमांत घातली.