स्वरतंतूंचा पक्षाघात

स्वरयंत्रातील एक किंवा दोन्ही स्वरतंतूंची हालचाल नसेच्या इजेमुळे थांबणे, म्हणजे स्वरतंतूंचा पक्षाघात. श्वास घेताना हे तंतू एकमेकांपासून दूर होतात. बोलताना ते जवळ येतात आणि फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने सेकंदाला साधारण शंभर ते अडीचशे वेळा कंप पावतात. एक तंतू जागीच अडकला, की मधे फट राहते आणि हवा वाया जाते.

त्यामुळे आवाज घोगरा व क्षीण होतो, लांब वाक्य एका दमात पुरे होत नाही, हाक लांबवर पोचत नाही. काहींच्या गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर उमटतात. खोकल्यातला जोर जातो आणि पाणी पिताना ठसका लागतो.

कारण शोधताना कित्येकदा छातीही तपासावी लागते. स्वरतंतू हलवणारी डावी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत गळ्यात चढते. उजवीचा वळसा वरच, मानेच्या पायथ्याशी असतो. लांब वाटेमुळे डावी बाजू जास्त वेळा निकामी होते. थायरॉइडची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा कर्करोग, विषाणुसंसर्ग ही ठळक कारणे. स्वरतंतूंच्या या नसा कापल्या, की किंचाळणारे डुक्कर गप्प होते, हे गेलन या वैद्याने दुसऱ्या शतकातच रोममध्ये दाखवले होते.

निदानासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून रुग्णाला ‘ई’ म्हणायला लावतात. कोणता तंतू हलत नाही ते लगेच दिसते. काही महिन्यांत नस आपोआप सावरू शकते, म्हणून सुरुवातीला वाक्-उपचार किंवा तंतूत भराव घालणारे इंजेक्शन देतात. कायमच्या उपायासाठी जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया करतात. स्वरयंत्राच्या कूर्चेला खिडकी पाडून आत तुकडा बसवतात आणि निकामी तंतू मध्यभागी सरकवतात. रुग्ण बहुधा जागाच असतो. शल्यविशारद त्याला बोलायला लावून आवाज ऐकत तुकडा जुळवतात.

गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांनी २०१३ मध्ये आपला आजार जाहीर केला. त्याच्या सुमारे चौदा वर्षे आधीच्या सर्दीनंतर त्यांचा डावा तंतू निकामी झाला होता. २०१२ मध्ये दुसऱ्याचीही हालचाल मर्यादित झाली. आवाज हळू झाला, तरी बोलणे सुरू राहिले.

दोन्ही तंतू मध्यरेषेजवळ थिजले, तर आवाज बऱ्यापैकी टिकतो, पण श्वासाची वाट अरुंद होते. तेव्हा श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागू शकते. तंतूचा थोडा भाग लेसरने काढला, तर श्वास मोकळा होतो, मात्र आवाज त्या प्रमाणात खालावतो.